वणवा गावाकडे सरकत असताना

माघ संपून फाल्गुन लागला, डोंगरावरील गवत वाळून पिवळे पडले, की सह्याद्रीच्या कुशीतील गावांना वणव्याची धास्ती वाटू लागते. रात्री डोंगराच्या अंगावर आगीची लांब माळ दिसते आणि ती हळूहळू खाली किंवा आडवी सरकत असते. दिवस उजाडला की ज्वाळा दिसेनाशा होतात व नुसता धूर उरतो; आग दूर आहे की जवळ आली, याचा अंदाजही मग लागत नाही. अशा वेळी गावात दोन प्रकारची माणसे आढळतात. काही जण ‘डोंगर दरसाल जळतोच’ असे म्हणून स्वस्थ बसतात. काही जण हाती लागेल ती फांदी घेऊन थेट आगीच्या तोंडावर धावून जातात. पहिल्या प्रकारात गंजी, गोठे व फळबागा जातात. दुसऱ्या प्रकारात प्रसंगी माणसांचे प्राण जातात.

या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. वणवा कशाच्या बळावर चालतो आणि त्याला अडविणारी पथके नेमके काय करीत असतात, याची गावाला पुरेशी माहिती नसते. घराची आग पाण्याने विझविता येते. डोंगरावरचा वणवा पाण्याने विझविण्याइतके पाणी तेथे कधीच नसते. वणवा थांबतो तो त्याचे खाद्य तुटल्यामुळे. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली, म्हणजे पथकाने कोठे उभे राहावे आणि गावकऱ्यांनी कोठे उभे राहावे, हे आपोआप उमजते.

वणव्याची चाल

वणव्याची चाल तीन गोष्टींवर अवलंबून असते : जळाऊ पदार्थ, वारा आणि चढ. सह्याद्रीच्या उघड्या उतारांवर वाळलेले गवत हे मुख्य खाद्य असते. ते क्षणात पेटते व क्षणात संपते. म्हणून गवतातील आग अतिशय वेगाने धावते. चंद्रपूर, गडचिरोली किंवा मेळघाटाच्या सागवानी रानात आग मुख्यतः जमिनीवर पडलेल्या पाचोळ्यातून जाते. तिच्या ज्वाळा सामान्यतः ठेंगण्या असतात व चाल मंद असते. परंतु ती ओंडक्यांत व वाळलेल्या खोडांत शिरून दिवसचे दिवस धुमसत राहते.

चढाचा परिणाम सर्वांत अधिक फसवा असतो. ज्वाळा चढाच्या दिशेने झुकतात आणि पुढचे गवत पेटण्यापूर्वीच तापवून कोरडे करतात. स्थूलमानाने असे मानतात की, उतार दर १० अंशांनी वाढला की चढणीवर आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे सपाटीवर ज्या आगीपुढे माणूस सहज चालत निघून जाईल, तीच आग २० अंशांच्या चढावर चौपट वेगाने येते. आणि माणूस मात्र चढावर दमून सावकाश चालतो.

वाऱ्याचेही वेळापत्रक असते. ऊन चढले की तापलेली हवा डोंगरउताराने वर जाऊ लागते व आगीला वर ओढते. सूर्यास्तानंतर थंड हवा उताराने खाली येते. कोकणात सकाळी मतलई वारा समुद्राकडे वाहतो आणि दुपारी खारा वारा जमिनीकडे येतो. त्यामुळे सकाळी एका दिशेने रेंगाळणारी आग दुपारी उलट दिशेने उसळू शकते. दुपारी बारा ते चार ही वेळ सर्वांत धोक्याची असते, कारण तेव्हा हवा कोरडी, गवत तापलेले आणि वारा जोराचा असतो. मध्यरात्रीनंतर हवेत ओलावा येतो व आग मंदावते. पथके रात्री व पहाटे झटून काम करतात ती याच कारणाने.

पुढे सरकणाऱ्या वणव्याला डोके, दोन बगला आणि शेपूट असते असे समजावे. डोके वाऱ्याबरोबर किंवा चढाकडे धावते. बगला दोन्ही बाजूंना सावकाश पसरतात. शेपूट वाऱ्याविरुद्ध रांगत असते. वारा फिरला म्हणजे एखादी लांबच लांब बगल एकाएकी डोके बनते. गाव डोक्यासमोर नाही, म्हणून निर्धास्त राहणे यामुळेच योग्य नव्हे.

पथकाचे काम

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ सालापासून उपग्रहांच्या साह्याने वणव्यांच्या सूचना पाठवीत आहे. या सूचना भ्रमणध्वनीवर क्षेत्रीय वनकर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचतात. तथापि उपग्रह त्या जागेवरून दिवसातून ठरावीक वेळीच जातो. दाट झाडीखालची लहान आग त्याला दिसेलच असे नाही. म्हणून पहिला धूर पाहणाऱ्या गुराख्याने वनरक्षकास तत्काळ कळविणे, याचे महत्त्व कमी झालेले नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक व आपत्कालीन सेवेचा ११२ हा क्रमांक चावडीवर व शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. कळविताना ‘डोंगर पेटला’ एवढेच न सांगता कोणत्या ओढ्याच्या कोणत्या अंगाला, कोणत्या वाटेने जाता येईल व वारा कोणीकडचा आहे, हे सांगावे.

वनरक्षक, हंगामापुरते नेमलेले मजूर आणि वनव्यवस्थापन समितीचे सभासद मिळून पथक बनते. ते आल्यावर काही वेळ नुसतेच पाहत उभे राहते, असे गावकऱ्यांस वाटते. वस्तुतः तो वेळ वाया गेलेला नसतो. वारा, चढ, माघारी येण्याची वाट आणि आगीला अडविता येईल अशी जागा यांचा विचार त्या वेळी चाललेला असतो. त्यानंतर पथक सहसा डोक्याकडे न जाता शेपटाकडून काम सुरू करते. तेथे पाठीशी जळून गेलेली जमीन असते, म्हणजे संकट आलेच तर मागे सरकावयास निर्भय जागा असते. तेथून दोन्ही बगलांनी पुढे जात, हिरव्या डहाळ्यांनी आगीची कड झोडपीत, दाताळ्यांनी किंवा ब्लोअर यंत्राने पाचोळा बाजूस सारीत, पथक डोक्याला दोन्ही बाजूंनी आवळत नेते.

डहाळीने झोडपण्याचीही रीत आहे. डहाळी उंचावरून आपटली तर ठिणग्या उडून पलीकडचे गवत पेटते. ती ज्वाळेवर दाबावी व जळालेल्या बाजूकडे ओढावी. ज्वाळा कमरेपेक्षा उंच होऊ लागल्या की झोडपणे निरुपयोगी व धोक्याचे ठरते. तेव्हा पथक मागे येऊन जाळरेषेचा आश्रय घेते.

जाळरेषा म्हणजे ज्या पट्ट्यात जळण्याजोगे काहीही उरलेले नाही असा पट्टा. वनविभाग अशा रेषा आगीच्या हंगामापूर्वी, म्हणजे १५ फेब्रुवारीच्या आत, तयार करतो. ऐन वणव्यात नवी रेषा काढावयाची झाल्यास ओढा, गाडीवाट, पाणंद, नांगरलेले शेत किंवा खडकाळ पट्टा यांचा आधार घेतात. आग फारच जोराची असेल, तर या रेषेच्या आगीकडील कडेवर जाणती माणसे मुद्दाम आग लावतात. तिला उलटी आग म्हणता येईल. ती मुख्य वणव्याकडे जळत जाते, आणि दोन्ही आगी भेटतात तेव्हा मध्ये जाळावयास काहीच उरत नाही.

कुरण सोडून द्यावे लागते तेव्हा

येथेच पुष्कळदा गाव आणि पथक यांच्यात कटुता उत्पन्न होते. एखाद्या शेतकऱ्याने वर्षभर राखलेले कुरण ओढ्याच्या पलीकडे असते. पथक मात्र रेषा ओढ्यावर धरते आणि कुरण आगीला सोडून देते, किंबहुना उलट्या आगीने स्वतःच जाळते. ‘विझवावयास आलेल्यांनीच आमचे गवत पेटविले’ अशी तक्रार मग ऐकू येते. त्या शेतकऱ्याचे दुःख खरे असते. जनावरांची पावसाळ्यापर्यंतची बेगमी त्या कुरणात असते. परंतु उंच वाळलेल्या गवताच्या मधोमध रेषा टिकत नाही. ती तेथे धरण्याचा प्रयत्न केला, तर आग रेषा ओलांडते, माणसे अडकतात आणि ओढ्यावरची संधीही हातची जाते. कुरण राखण्याच्या आग्रहापायी मागची वस्ती, गोठे व आमराई पणास लागतात.

या प्रसंगी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांची परीक्षा असते. रेषा कोठे धरावयाची हा निर्णय पथकप्रमुखाचा आहे; त्यावर ऐन वेळी वाद घालू देऊ नये. मात्र तो निर्णय संबंधित शेतकऱ्याला कारणासह सांगणे, शक्य असल्यास आग येण्यापूर्वी कापलेले गवत हलविण्यास माणसे देणे, आणि ज्याचे कुरण गेले त्याच्या जनावरांसाठी गावातून चाऱ्याची वर्गणी करणे, ही कामे कार्यकर्त्यांनी आपली समजावीत. ज्याचे नुकसान सर्वांच्या बचावासाठी झाले, त्याचा भार सर्वांनी उचलणे न्यायाचे आहे. असे झाले तर पुढील वर्षी तोच शेतकरी पथकाबरोबर सर्वांत पुढे दिसेल.

उलटी आग मात्र गावकऱ्यांनी आपल्या बुद्धीने कधीही लावू नये. डोंगरावर पथक कोठे आहे, हे खालून दिसत नाही. आपल्या बांधावरून सहज लावलेली काडी वर काम करणाऱ्या माणसांना दोन आगींच्या मध्ये कोंडू शकते.

गावाने करावयाची कामे

पथक डोंगरावर लढत असताना गावाची लढाई गावाच्या शिवेवर असते. बहुतेक घरे व गोठे पुढून येणाऱ्या ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्याबरोबर उडून आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. म्हणून पुढील कामे आधीच वाटून द्यावीत.

१. घराभोवतीचा, कौलांवरचा व पन्हाळीतला पाचोळा काढावा. सरपण भिंतीपासून दूर न्यावे. गवती छपरे शक्य तेवढी भिजवावीत.

२. कडब्याच्या व गवताच्या गंजींभोवती निदान चार ते पाच मीटर रुंद पट्टा मातीपर्यंत खरवडून काढावा. आंबा व काजूच्या बागांभोवती हेच करावे आणि झाडांच्या आळ्यांतील वाळलेले आच्छादन बुंध्यापासून दूर ओढावे. ट्रॅक्टर उपलब्ध असल्यास गावाच्या आगीकडील बाजूस नांगराचे काही फेर मारून घेतले, तर तीच उत्तम जाळरेषा होते.

३. जनावरे दावणीला बांधून ठेवू नयेत. ती नांगरलेल्या शेतात किंवा रुंद नदीपात्रात नेऊन राखणीस माणूस ठेवावा. वेळ उरला नाही तर निदान दावे कापून मोकळी सोडावीत. बांधलेल्या जनावराला पळण्याचा मार्ग उरत नाही.

४. पिंपे, हंडे व हौद भरून ठेवावेत. पाठीवरचे फवारणी पंप स्वच्छ धुऊन पाण्याने भरावेत. उडालेली ठिणगी विझविण्यास त्यांचा चांगला उपयोग होतो. कीटकनाशकाचा वा तणनाशकाचा अंश पंपात राहू देऊ नये. ओली गोणपाटे हाताशी असावीत.

५. वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया व दम्याचे रुग्ण यांना आग जवळ येण्याची वाट न पाहता दुसऱ्या गावी किंवा धुरापासून दूरच्या शाळेत हलवावे. रात्री थंड हवा दरीत उतरते तेव्हा धूर वस्तीवर दाटतो. तोंडाला बांधलेला ओला रुमाल मोठी राख अडवितो. धुरातील अतिसूक्ष्म कण तो अडवीत नाही. कोणास धाप लागली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

६. विजेच्या तारांखाली आग आल्यास वीज कर्मचाऱ्यांना कळवून प्रवाह बंद करून घ्यावा. दाट धुरात उच्च दाबाच्या तारांखाली थांबू नये.

७. गावचा मुख्य रस्ता मोकळा ठेवावा. पाहावयास आलेल्यांच्या दुचाक्या व जीपगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, तर पाण्याचा टँकर अडतो व माणसांना बाहेर काढणे कठीण होते.

पथकासोबत डोंगरावर जाणारांची नावे लिहून घ्यावीत आणि परत आल्यावर ती पुन्हा मोजावीत. त्यांना वाटा दाखविणे, पिण्याचे पाणी व भाकरी पोहोचविणे, हीही मोठी मदत आहे. अंगावर सुती कपडे असावेत. नायलॉनसारखे कापड उष्णतेने वितळून कातडीस चिकटते. अनवाणी कोणीही जाऊ नये.

जीव वाचविण्याचे नियम

११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणास गेलेली मंडळी गवताळ उतारावर वणव्यात सापडली. वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. तसाच गवताळ, चढाचा, वाळलेला प्रदेश सह्याद्रीत जागोजागी आहे. म्हणून तो प्रसंग येथील गावांनीही विसरू नये.

वणव्यापुढे चढावर धावू नये. आग खालून येत असेल तर आडवे जाऊन तिच्या वाटेतून बाहेर पडावे. घळीत किंवा अरुंद नाळेत शिरू नये; धुराड्यातून धूर ओढला जावा तशी आग तेथून वर ओढली जाते. नांगरलेले शेत, रुंद वाळूचे पात्र, मोकळा खडक किंवा आधीच जळून गेलेली जमीन ही आश्रयाची स्थाने होत. या शेवटच्या स्थानाचे महत्त्व अमेरिकेतील माँटाना राज्यात ५ ऑगस्ट १९४९ रोजी घडलेल्या दुर्घटनेने दाखवून दिले. मॅन गल्च नावाच्या घळीत गवताची आग चढावर पाठलाग करीत असता तुकडीचा प्रमुख वॅग्नर डॉज याने पुढचे गवत स्वतः पेटविले आणि त्या जळालेल्या जागेतील राखेत तो पालथा पडून राहिला. तो वाचला, चढाने धावत सुटलेल्या सहकाऱ्यांपैकी दोघेच खडकाळ जागा गाठून वाचले, तेरा जण दगावले. हा उपाय अननुभवी माणसाने अनुकरण करण्याजोगा नाही. पण त्यातील तत्त्व प्रत्येकाने जाणावे. जे एकदा जळून गेले, ते पुन्हा जळत नाही.

आटोक्यात आलेला वणवा

‘वणवा आटोक्यात आला’ याचा अर्थ त्याच्या चोहोबाजूंनी रेषा पुरी झाली, एवढाच आहे. तो विझला असा त्याचा अर्थ नव्हे. रेषेच्या आत बुंधे, झाडांच्या ढोल्या, वाळलेले शेण व दगडांखालची मुळे धुमसत असतात. उतारावर एखादा पेटता ओंडका सुटून घरंगळत रेषेबाहेर येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उठतो आणि फुफाट्यातील निखारा पुन्हा गवतात पडतो. पहिल्या दिवशीच्या श्रमाने गाव थकून झोपलेले असते, नेमक्या त्याच वेळी हा दुसरा वणवा लागतो.

म्हणून आग आटोक्यात आल्यावर निदान दोन-तीन दिवस, विशेषतः दुपारच्या वेळी, रेषेवर पाळीपाळीने राखण ठेवावी. रेषेच्या आतील बाजूचे धुमसणारे बुंधे उकरून माती व पाणी घालून विझवावेत. उपडा हात राखेजवळ धरून ऊब लागते का ते पाहावे; राखेत हात घालू नये. पथकप्रमुखाने आग विझल्याचे सांगेपर्यंत गुरे त्या भागात सोडू नयेत.

ज्यांचे पीक, बाग, गोठा किंवा जनावर यांचे नुकसान झाले असेल, त्यांनी अवशेष न हलविता तलाठी व कृषी कर्मचारी यांना त्वरित कळवून पंचनामा करून घ्यावा. उघड्या पडलेल्या उतारावरील माती पहिल्या पावसात वाहून जाते. तेव्हा पावसाळ्यापूर्वी तेथे दगडी बांध घालणे व फुटणाऱ्या गवताला चराईपासून काही काळ विसावा देणे हितकारक होईल.

हंगामापूर्वी

आपल्याकडील वणवे बहुतेक माणसाच्या हातूनच लागतात. मोहाची फुले सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो. बांध जाळताना किंवा राब भाजताना आग हाताबाहेर जाते. डोंगर जाळला म्हणजे गवत चांगले येते, असा समज असतो. नवे गवत फुटते ते जमिनीतील जिवंत मुळांतून. आगीने त्यात भर पडत नाही. जळताना गवतातील नत्र हवेत उडून जाते आणि उरलेली राख वाऱ्याने व पावसाने डोंगराखाली जाते. मोहाखालचा पाला झाडून एका बाजूस ओढला, किंवा झाडाखाली जाळी अंथरली, तरी फुले तितकीच मिळतात.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ अन्वये राखीव व संरक्षित वनात हक्क बजावणाऱ्या प्रत्येकाने, ठाऊक झालेली आग विझविण्याचा प्रयत्न करणे व वनाधिकाऱ्यांस साह्य करणे बंधनकारक आहे. परंतु केवळ कायद्याच्या धाकाने गावे वाचत नाहीत. मकरसंक्रांतीच्या सुमारास गवत कापून झाले, की गावाने एक दिवस ठरवून शिवेवरचा पट्टा साफ करावा, पळवाट व आश्रयाची जागा लहानथोरांना दाखवावी, आणि कोणाच्या घरी अंथरुणावरचा म्हातारा आहे, कोणाकडे ट्रॅक्टर आहे, कोण निरोप पोहोचवील, याची यादी चावडीवर लावावी. डोंगरावर आगीची माळ दिसू लागल्यावर ही यादी करावयास वेळ मिळत नाही.